दोन दोन दिसायचं तेव्हा

परवा चष्म्याचा नंबर काढायला मंचरला गेले होते. डोळ्यांची डॉक्टर म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची पोर. तिनं मला अंधाऱ्या खोलीत बसवलं, बारीक बॅटरी डोळ्यांसमोर धरून खाली, बाजूला, वर अशी फिरवली आणि वर नेताना मध्येच थांबली. "मावशी, डाव्या डोळ्याला कधी मार बसला होता का?" मी म्हटलं, "एडक्यानं धडक दिली होती." तिला आधी थट्टाच वाटली. मग तिनं पुन्हा बॅटरी वर नेली आणि म्हणाली, "डोळा वर जाताना अजून अडतोय. तुम्हाला दोन दोन दिसत नाही?" छताकडे बघितलं तर दिसतं, एरवी नाही, असं मी सांगितलं. "छान काम केलंय. कुणाकडे झाले उपचार?" या प्रश्नाला सरळ उत्तर देणं मला जमलं नाही. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंचं नाव मला आठवतं, पण तेवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. "पुण्याच्या बाईंनी अन् आमच्या आबांनी," एवढंच म्हणाले. ते घरी आल्यावर नीट लिहून काढावं असं वाटलं, म्हणून हे प्रकरण.

आमची वस्ती अवसरी बुद्रुकच्या शिवेला. आजोबांपर्यंत सगळं घर मेंढरांवर चाललेलं. पावसाळा सरला की कळप घेऊन घाटाखाली उतरायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. आजोबा गेल्यावर दोघा भावांनी वाटणी केली. धाकट्या धोंडूकाकांनी मेंढरं ठेवली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या वाट्याची मेंढरं विकली आणि जुना टेम्पो घेतला. अंगण मात्र एकच राहिलं. एका अंगाला मेंढरं कोंडायचा काकांचा बोरीच्या काट्यांचा वाडगा आणि दुसऱ्या अंगाला टेम्पो. त्यामुळे आमच्या घराला लोकरीचा आणि डिझेलचा असा मिळून वास यायचा आणि तो वास मला अजून कुठं सापडलेला नाही. सकाळी टेम्पो चालू व्हायला कुरकुरायचा. आबा त्याच्याशी बोलायचे, "चल राजा, चल, लोकं वाट बगत्यात," आणि त्यांचा आवाज ऐकून वाडग्यातली कोकरं ओरडायला लागायची. आई चुलीपुढं भाकऱ्या थापत असायची. बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. आबा उभ्यानंच खायचे. मग गावातल्या कोथिंबिरीच्या जुड्या, फरसबी, काकडीचे क्रेट भरून टेम्पो मंडईला निघायचा.

मला मोठी एकच बहीण, ती लग्न होऊन जुन्नरकडे गेलेली. मी मंचरला बारावीला होते, पण मन टेम्पोत. लहानपणापासून मी आबांच्या शेजारी बसून मंडईला गेलेली. गिअर कधी पडतो, ब्रेक कधी लागतो, हे मला आवाजावरून कळायचं. एका दिवाळीच्या सुट्टीत आबांनी माळावरच्या पडीक रानात टेम्पो नेला, खाली उतरले आणि म्हणाले, "सुमे, बस तिकडं." तिकडं म्हणजे ड्रायव्हरच्या जागेवर. मला वाटलं मस्करी आहे. ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "लांब बघ. बोनेटकडं बघू नगं." त्यानंतर जमेल तेव्हा आम्ही त्या रानात जायचो. अठरा पुरी झाली की लायसन काढायचं असं ठरलं. गावात बोललं जायचंच. एकदा पारावर कुणी म्हणालं, "काय राव, पोरीला डायव्हर करता का काय?" आबा म्हणाले, "करतो की. तुमचा माल टायमावर मंडईत पोचल्याशी मतलब." आबांचं हे असं होतं. वाद घालत नसत आणि माघारही घेत नसत.

थंडीतली सकाळ होती. काका पाण्याला गेले होते म्हणून मी त्यांच्या मेंढरांना मक्याचा पाला टाकायला वाडग्यात शिरले. दोन एडके सकाळपासून एकमेकांवर खार खाऊन होते. ते मागं सरकून पळत येतात आणि डोकी आपटतात, हे मी जन्मापासून पाहिलेलं. त्याचं काही वाटत नसे. मी मधे वाकून पाला पसरत होते. पाठीमागं टापांचा आवाज आला म्हणून मान वळवून वर बघितलं, आणि तेवढ्यात त्यातल्या थोरल्याचं डोकं माझ्या डाव्या गालावर आणि डोळ्यावर येऊन बसलं. दुखल्याचं आठवत नाही. आवाज आठवतो. कुणीतरी नारळ फोडावा तसा तो आला, आणि आला माझ्याच डोक्याच्या आतून.

डोळा सुजून पार मिटला. चेहऱ्याची ती बाजू वांग्यासारखी झाली. मंचरच्या डॉक्टरांनी टाके घातले, सूज उतरली की बघू म्हणाले. काका लहान पोरासारखे रडले. ते एडका बाजारात न्यायला निघाले तर आबांनी अडवलं. "त्याला काय कळतंय धोंडू? त्यो त्याच्या जागी व्हता. पोर बी तिच्या कामालाच गेली व्हती." आई मला ज्वारीची आंबील भरवायची, कारण डाव्या गालाला आणि वरच्या ओठाला कसलीच जाणीव नव्हती, घास तोंडातून बाहेर आला तरी मला कळायचं नाही. गाल दुसऱ्या कुणाचा तरी आणून लावल्यासारखा वाटायचा.

सूज उतरली आणि एका सकाळी पापणी उघडली. आई चुलीपुढं बसली होती. मला दोन आया दिसल्या. शेजारी शेजारी नव्हे, एकीच्या वर एक. वरची जरा पुसट, पण तिच्याही हातात भाकरी होती आणि तीही माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "आई, तू दोन झालीस." आई हसायला लागली. मग माझा चेहरा बघून तिनं भाकरी तव्यावर तशीच टाकली आणि जवळ आली. "डोळा वर कर बरं." मी वर बघायचा प्रयत्न केला तर उजवा डोळा गेला, डावा तिथंच राहिला, दोन्ही आयांमधलं अंतर वाढलं आणि मला भडभडून उलटी झाली. आई हाक मारत बाहेर धावली, "अवो, टेम्पो काढा! पोरीचा डोळा आडकलाय!"

'अडकला' हा आईचा शब्द अगदी बरोबर निघाला. पुण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून घेतले, प्रकाशासमोर धरले आणि आम्हा तिघांना खुर्च्या देऊन समजावलं. डोळ्याच्या खालचं हाड अंड्याच्या टरफलाएवढं पातळ असतं. धडकेनं डोळा वाचला, पण ते टरफल खाली फुटलं, आणि डोळा फिरवणारा एक स्नायू त्या भेगेत चिमटला. दोरी दाराच्या फटीत अडकली की ओढली तरी येत नाही, तसं. आबांनी विचारलं, "दार उघडून दोरी काडता यील का?" बाई म्हणाल्या, "येईल. आणि खाली एक पातळ पट्टी बसवू, म्हणजे डोळा पुन्हा खाली उतरणार नाही." आबांनी दुसरं काही विचारलं नाही. ते बाईंच्या हातांकडे मात्र फार वेळ बघत होते. बाहेर आल्यावर आईला म्हणाले, "हात लई स्थिर हाईत बाईचं. काळजी करू नगं."

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यावरचं बँडेज काढल्यावर डोळा वर जायला लागला, थोडा अडखळत, पण जायला लागला. मी खिडकीबाहेर बघितलं, आणि बाहेरचं गुलमोहराचं झाड अजूनही दोन दिसत होतं. अंतर कमी झालं होतं, एवढंच. मला रडू कोसळलं. बाई पलंगावर बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते तेव्हा मला अर्धंच कळलं, पण शब्द लक्षात राहिले. "सुमन, डोळा आता सुटलाय. पण मेंदू इतके दिवस अडकलेल्या डोळ्याला हुकूम देत होता, ओढून ओढून. त्याला अजून ठाऊक नाही की दोरी मोकळी झाली. दोन चित्रं एकत्र आणण्याचं काम डोळ्याचं नसतं, मेंदूचं असतं. ते त्याला पुन्हा शिकवावं लागेल. त्याला वेळ लागतो, आणि ते मला कापून करता येत नाही."

शिकवायचं काम त्याच हॉस्पिटलात, डोळ्यांचे व्यायाम घेणाऱ्या साठेबाईंच्या खोलीत चालायचं. भिंतीवर प्राण्यांची चित्रं, टेबलावर भिंगं, आणि एक लांब दोरी, तिच्यात तीन रंगीत मणी. दोरीचं एक टोक खिळ्याला, दुसरं नाकाच्या शेंड्याला धरायचं, आणि एकेका मण्याकडे बघायचं. त्या मला दाखवायला लागल्या तेवढ्यात आबा म्हणाले, "बाई, आदी मला करून बगू द्या. मला समाजलं तर घरी पोरीकडून करून घेता यील." आणि टोपी काढून, धोतर सावरून ते स्टुलावर बसले. दोरी नाकाला लावून लाल मण्याकडे बघितलं आणि एकदम म्हणाले, "आयला! दोरी तर येकच हाय, मला दोन दिसत्यात! मन्यापाशी फुली झालीय. माजा बी डोळा बिघाडला का काय?" साठेबाई खूप हसल्या. "बिघडला नाही आबा. ज्याचे दोन्ही डोळे एकदम काम करतात त्यालाच दोन दोऱ्या दिसतात, आणि ज्या मण्याकडे बघतो तिथं त्यांची फुली होते. हिला तीच फुली दिसायला हवी." आबा दोरी हातात घेऊन विचार करत बसले. मला कळत होतं, ते सगळं मनात बसवून घेत होते.

घरी आईनं तिच्या पेटीतले जुने मणी काढून तशीच दोरी ओवली. पडवीच्या खांबाला बांधली. रोज सकाळी मंडईला जायच्या आधी आणि परत आल्यावर आबा माझ्यासमोर बसायचे. आधी पेन्सिल वर, खाली, तिरकी. माझी मान हलायला लागली की आई मागून डोकं धरायची. मग दोरी. डोकं इतकं दुखायचं की विचारू नका. साधं चहा ओतणं अवघड झालं होतं. कप तिथं नसायचाच. हनुवटी वर करून बघितलं की दोन्ही चित्रं जरा जवळ यायची, म्हणून मी नाक वर करून चालायला लागले, तर विहिरीवर बायका म्हणाल्या, पुण्याला जाऊन आली तर पोरगी ताठ्यात आलीय. टेम्पोत माल भरायला आलेली माणसं आबांची वाट बघायची, कुणी कुरकुरायचं. आबा म्हणायचे, "पावणं, जरा थांबावं लागंल. पोरीची शाळा सुटल्याबिगर मला निघता यायचं न्हाई." ज्या माणसाला चहा पिताना बसायला सवड नसायची, तो माणूस माझ्यासमोर पेन्सिल धरून, न कंटाळता, न चिडता बसायचा. आज माझ्या नातवाला अभ्यासाला बसवताना माझा जीव पहिल्या दहा मिनिटांत वर येतो. मग मला आबांचं खरं मोठेपण कळतं.

आणि मग एक दिवस सकाळी उठले तर सगळं एक. एक आई, एक चूल, एक टेम्पो. मी अंगणभर नाचले. आईनं त्या दिवशी मासवड्या केल्या. आमच्याकडे हे सोपं काम नव्हे. बेसन घोटून फडक्यावर थापायचं, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं, गुंडाळी करून वड्या कापायच्या आणि झणझणीत रस्सा. काका जेवायला आले, शेजारीपाजारी आले. आबांनी दुपारी टेम्पो माळावर काढला. "बस तिकडं." मी बसले. लांब बघितलं. गिअर टाकला. सगळं जमतंय असं वाटत असतानाच डाव्या अंगाला कडब्याच्या गंजीवर टेम्पो खसकन घासला. गंजी मला दिसत होती. चांगली स्वच्छ दिसत होती. ती लांब आहे असं मला वाटलं होतं.

आबा रागावले नाहीत. उतरले, खरवडलेला पत्रा हातानं चाचपला. मग घरी येऊन त्यांनी दोरी माझ्या नाकाला लावली. "लाल मन्याकडं बघ. दोऱ्या किती?"

"एक."

"नीट बघ."

"एकच आहे आबा."

त्यांनी दोरी हळूच खाली ठेवली. मासवड्यांचा वास अजून घरात होता. आईला काही कळलं नव्हतं, ती खुशीतच म्हणाली, "मग येकच दिसाया पायजे की!" आबा म्हणाले, "न्हाई. सुमीचा येक डोळा बंद झालाय. उघडा हाय, पन बंद झालाय."

दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो. साठेबाईंनी तपासलं, डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आणि आबा म्हणत होते तेच निघालं. दोन चित्रांच्या भांडणाला मेंदू कंटाळला होता. ती जुळवण्यापेक्षा त्यानं डाव्या डोळ्याकडून येणारं चित्र घ्यायचंच बंद करून टाकलं होतं. डोळा शाबूत, बघतोही आहे, पण त्याचं ऐकणारं आत कुणी नाही. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. असंच राहू दिलं तरी तुझं चालेल. घरकाम होईल, अभ्यास होईल. पण वस्तू किती लांब, किती जवळ, हे दोन डोळ्यांनी मिळून कळतं. ते अर्धवट राहील. पुन्हा दोन्ही डोळे जोडायचे तर आधी बंद केलेला डोळा मेंदूला ऐकायला लावावा लागेल. म्हणजे पुन्हा दोन दिसायला लागेल. आणि ती दोन पुन्हा एक होतीलच अशी हमी मी देत नाही.

त्या संध्याकाळी अंगणात आई आणि आबा यांच्यात बोलाचाली झाली. मी पडवीत बसून ऐकत होते. आई म्हणत होती, "येक दिसतंय की आता. देवानं दिलंय त्ये कशाला उकरून काडता? पुना दोन झालं आन् तसंच ऱ्हायलं तर?" आबा म्हणाले, "तुजं बी खरं हाय." आई म्हणाली, "टेम्पोपायी पोरीचा जीव टांगनीला लावू नका. न्हाई चालवला टेम्पो तर काय आडलंय?"  आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "सुमे, डोळा तुजा हाय. म्या जबरदस्ती करनार न्हाई. तू सांग."

मला टेम्पो तर हवाच होता, ते खोटं कशाला बोलू. पण मी उत्तर दिलं ते टेम्पोमुळे नाही. त्या आठवड्यात मी आईच्या शेजारी भाकऱ्या भाजायला बसत होते आणि तव्यावरची भाकरी फुगली की नाही हे मला बघून कळत नव्हतं. सगळं जग कॅलेंडरवरच्या चित्रासारखं चपटं झालं होतं. झाड भिंतीला चिकटवल्यासारखं, भिंत आकाशाला चिकटवल्यासारखी. आईचा चेहरासुद्धा. "आई," मी म्हणाले, "मला तू फोटोसारखी दिसतीस. मला खरीखुरी बघायचीय तू." आई पदर तोंडाला लावून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली आणि आबांना विचारलं, "बाईनं काय काय आनायला सांगितलंय?"

साठेबाईंनी सांगितलेला उपाय साधा होता. उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर लाल काच आणि समोर दिवा. उजव्या डोळ्याला ज्योत लाल दिसणार, डाव्याला साधी. दोन्ही डोळ्यांचं मेंदू ऐकत असेल तर दोन ज्योती दिसायला हव्यात. आबांनी जुन्या चष्म्याच्या उजव्या भिंगावर लाल जिलेटीन कागद चिकटवला. रोज दिवेलागणीला आई देवापुढचा दिवा पडवीत आणून ठेवायची आणि मी तो चष्मा लावून बसायची. लाल ज्योत दिसायची. एकच. आबा विचारायचे, "आली का दुसरी?" "नाही." डोळे मिचकाव, उजवा झाक, उघड, पुन्हा झाक. "आली का?" "नाही." असं किती दिवस चाललं कोण जाणे. ज्या आईनं विरोध केला होता तीच आता सगळ्यात चिकाटीनं बसायची. साठेबाई म्हणाल्या होत्या, लाल कागदाचे थर वाढवत जा, म्हणजे चांगल्या डोळ्याचा जोर कमी होईल आणि दुसऱ्याला बोलायला जागा मिळेल. आई थर वाढवायची आणि मला म्हणायची, "थोरल्याला जरा गप बसवू. धाकटा बोलंल बग." जणू माझ्या डोक्यात दोन पोरं भांडत होती आणि ती त्यांची आई.

एका संध्याकाळी बाहेर काका मेंढरं वाडग्यात घालत होते, धूळ उडत होती, आबा टेम्पोखाली काहीतरी आवळत होते. मी ज्योतीकडे बघत होते आणि लाल ज्योतीच्या वर काहीतरी उजळल्यासारखं झालं. गेलं. मी श्वास धरला. पुन्हा आलं. लहानशी, पिवळसर पांढरी, थरथरणारी दुसरी ज्योत. थांबली. मी ओरडले, "दोन! आई, दोन आहेत! दोन!" आई टाळी वाजवणार होती ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "देवा, पोरीला दोन दिसाया लागलं म्हनून आता हसू का रडू?" आणि तिनं दोन्ही केलं. आबा टेम्पोखालून निघताना डोकं आपटून घेत धावत आले. हात ग्रीसनं काळे. माझ्यासमोर उकिडवे बसले. "कुटं हाय पांढरी? वर का खाली?" "वर." "आसू दे वर. येऊ दे खाली सावकाश. घाई न्हाई." 

त्यापुढचे दिवस सगळ्यात कष्टाचे. पुन्हा दोन आया, दोन चुली, पुन्हा उलट्या. व्यायाम करून मी दुपारी अशी झोपायची जशी माणसं दिवसभर कांदा काढून झोपतात, आणि केलं काय तर बसल्या जागी मणी बघितले. मला त्याचं नवल वाटायचं. परवाच्या त्या पोरसवदा डॉक्टरनं ते नवल उलगडून सांगितलं. आता म्हणे अशी यंत्रं आहेत की माणूस बघत असताना मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दिसतं. चेहऱ्याला मार बसून ज्यांच्या डोळ्यांची हालचाल बिघडते, त्यांच्या मेंदूतलं कामही बदलतं. डोळ्यांना हुकूम सोडणारे भाग जास्त राबायला लागतात, बघण्याचे काही भाग मंदावतात, आणि माणूस सुधारायला लागला की हे पुन्हा पालटू शकतं. "मावशी, तुम्ही झोपायच्या ना, ते आळसानं नव्हतं. आत खरंच मजुरी चालली होती."  कवटीच्या आतल्या अंधारात, हातपाय नसलेली ती गोष्ट, कुणी न बघता, कुणी शाबासकी न देता एवढी राबत होती. आणि ती राबावी म्हणून बाहेर एक ड्रायव्हर आणि त्याची बायको रोज दिवा लावून बसत होते. यातलं कुणाचं कौतुक आधी करावं मला कळत नाही.

ज्योती जवळ येत गेल्या. कधी एकमेकींना टेकायच्या आणि पुन्हा सुटायच्या. एके दिवशी टेकल्या आणि सुटल्या नाहीत; दोन्ही मिळून एकच गुलाबी ज्योत झाली आणि मी पापणी लववायला घाबरत बसले. लवली, तरी ती गुलाबीच राहिली. मग दोरी घेतली. दोन दोऱ्या दिसल्या आणि लाल मण्यावर फुली. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुण्याला गेल्यावर साठेबाईंनी खात्री केली, डॉक्टरीणबाईंना बोलावून दाखवलं. डॉक्टरीणबाई आबांना म्हणाल्या, "आबा, ऑपरेशन मी केलं. पण हे काम तुमचं." आबा संकोचून म्हणाले, "न्हाई बाई, काम पोरीनं केलं. आमी निस्तं धरून बसलो व्हतो."

बारावीची परीक्षा त्या साली हुकली, ती पुढच्या साली दिली. अठरा पुरी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तपासून होकार दिला तेव्हा लायसनही काढलं. आधी मंडई, मग नारायणगाव, आणि श्रावण लागला तसं भीमाशंकरच्या दुकानदारांचे नारळ पोचवायचं काम आलं. आबा म्हणाले, "चल, आज तू ने." मंचरहून घोडेगाव, पुढं डिंभ्याचं धरण, मग वळणं. वर धुकं इतकं की समोरची एसटी एकदम पुढ्यात उगवायची. प्रत्येक वेळी ती किती अंतरावर आहे हे मला नेमकं कळत होतं, आणि ते कळतंय याचाच आनंद मला आवरत नव्हता. आबा शेजारी ताठ बसलेले, नसलेल्या ब्रेकवर पाय दाबून. वळण आलं की त्यांचा पाय दाबायचा, माझ्याही आधी. मी हसायची, ते ओशाळायचे.

नारळ उतरवले, देवाला हात जोडले, एका टपरीवर गरम भजी खाल्ली आणि परत निघालो. धुकं विरळ झालं होतं, खाली भातखाचरं हिरवीगार. मी आबांना काहीतरी सांगत होते, कॉलेजातलं किंवा मंडईतलं. ते हूं हूं करत होते. मग हूं यायचं थांबलं. मी क्षणभर वळून बघितलं. खांद्यावरचा टॉवेल गालाखाली घेऊन, डोकं दाराला टेकवून, तोंड जरा उघडं ठेवून आबा झोपले होते. पाय सैल पडले होते. पुढं मोठं वळण होतं. मी बोलणं बंद केलं, त्यांना धक्का बसू नये म्हणून गिअर हलक्या हातानं बदलला, आणि टेम्पो सावकाश खाली घेतला.